कानसेनचे कान

कागदाच्या कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तो तिथला मुख्य फिटर होता आणि यंत्राचं दुखणं कानानं ओळखायचा. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानापाशी धरायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचा, हे ग्रीस मागतंय, किंवा, याचं आता काही खरं नाही, पुढच्या शटडाउनला बदलून टाका. कारखान्यात रोलर फिरत असताना माणसाला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. त्या गदारोळात एका बेअरिंगची कुरकुर वेगळी काढणं म्हणजे जत्रेत हरवलेल्या पोराचं रडणं ओळखण्यासारखं होतं. नवा मॅनेजर रुजू झाला तेव्हा त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं की इथं दोघांचं ऐकायचं, मालकाचं आणि कानसेनचं, आणि दोघांचं जमलं नाही तर कानसेनचं.

रोलरच्या शेडच्या दाराशी कानांवर घालायची जाड झाकणं खुंटीला टांगलेली असत. बाकीचे ती घालून आत जात. कानसेन कधीच घालत नसे. कान झाकले तर यंत्र ऐकायचं कसं, असं तो म्हणे, आणि ते सगळ्यांना पटे.

घरी तो एकटाच होता. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी दुसऱ्या शहरात, गाडीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. ती अधूनमधून यायची. एकदा न कळवता आली आणि दाराबाहेर घंटा दाबत उभी राहिली. फोन केला तर तो आत वाजताना तिला बाहेर ऐकू येत होता. शेवटी कानसेन कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला आला आणि दार उघडून बघतो तर लेक पायरीवर बॅगेवर बसलेली. त्यानं डोळा लागल्याचं सांगितलं. आतमध्ये टीव्ही चालू होता, पंखा चालू होता, आणि ओट्यावर दूध उतू जाऊन करपलं होतं.

त्याआधीही तिनं एक-दोनदा कान तपासून घ्यायचं सुचवलं होतं. दिवसभर कारखान्यात कान वापरतो, घरी आल्यावर त्यांना सुट्टी देतो, असं म्हणून त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं. ज्याच्या कानावर अख्खा कारखाना चालतो त्याला कान दाखवायला सांगणं तिलाही जरा विचित्रच वाटे. म्हणून या वेळी तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन दोन पिशव्या भरून सामान आणलं आणि शिडीवर चढून स्वतःच बसवलं. घंटा दाबली की बैठकीतला आणि झोपायच्या खोलीतला दिवा उघडझाप करणार. शेगडीसमोर बराच वेळ कुणी नसलं की ती आपोआप बंद होणार. आणि दाराच्या चौकटीला बोटाएवढी एक पट्टी लागली. दार उघडलं-मिटलं की मुलीला तिच्या फोनवर दिसणार.

"म्हणजे घर आता तुझ्याकडं माझ्या चुगल्या करणार," तो म्हणाला.

"कुणीतरी करायला हव्यात, बाबा. तुम्ही तर स्वतःहून काही सांगत नाही."

ती गेली. दोन-तीन दिवसांत दिवा उघडझाप करू लागला. पाण्याचं मीटर बघणारा आला. वरच्या मजल्यावरची बाई चुकून आलेलं टपाल द्यायला आली. इस्त्रीवाल्यानं तर दारातच विचारलं की साहेब, इतके दिवस गावाला गेला होता का. कानसेनला वाटायचं, बायको गेल्यापासून आपल्याकडं कुणी फिरकत नाही. आता दिसलं की लोक येत होते, घंटा वाजवत होते आणि परत जात होते. जुनी घंटाच मरतुकडी असणार, असं त्यानं ठरवून टाकलं.

मुलगी मात्र चुगल्या वाचत होती. एका सोमवारी तिनं फोन करून विचारलं की शुक्रवारी संध्याकाळी मिटलेलं दार आज सकाळीच उघडलं, मधले दोन दिवस तुम्ही काय करत होतात. आराम करत होतो, असं म्हणाला. खरं तर त्या दोन दिवसांत त्यानं काय केलं ते त्यालाही आठवत नव्हतं.

कारखान्यातही असल्याच वस्तू आल्या होत्या. काडेपेटीएवढ्या डब्या, तळाला लोहचुंबक. प्रत्येक बेअरिंगवर एकेक चिकटवली होती. बेअरिंग किती तापतंय, किती थरथरतंय, हे त्या डब्या सतत वरच्या काचेच्या खोलीला कळवत. तिथं पडद्यासमोर एक तरुण इंजिनियर बसे. तिला सगळे डबीवाली म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, असं कानसेन म्हणाला होता, पण तिच्या तोंडावर, हसत हसत. तो आडमुठा नव्हता. तळघरात एक पंप होता. तिथं वाफ आणि चिखल एवढा की कुणी सहसा उतरत नसे. तो पंप सुट्टीच्या दिवशी तापू लागला तेव्हा डबीनं डबीवालीला घरी कळवलं आणि तिनं पाळीवरच्या माणसाला सांगून तो बंद करवला. कानसेननं तो उघडून पाहिला आणि वर जाऊन तिला सांगितलं की बाई, तुमच्या डबीनं पंप वाचवला. फक्त त्याच्या मते डब्या जिथं माणूस पोचत नाही तिथल्यासाठी होत्या. रोलरांपाशी तो स्वतः होता.

एके दिवशी दुपारी डबीवाली खाली आली. ओला कागद वाफेनं तापलेल्या मोठ्या रोलरांवरून फिरत वाळत जातो. त्या रांगेतल्या तिसऱ्या रोलरच्या बेअरिंगची थरथर वाढली होती. तिनं ते मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरनं कानसेनकडं पाहिलं. कानसेन स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेला, टेकवला, डोळे मिटले.

"लोण्यासारखं फिरतंय," तो म्हणाला.

विषय संपला. डबीवालीनं एवढंच विचारलं की नाहीतरी पुढं शटडाउन आहेच, तेव्हा उघडून बघू या का. कानसेन म्हणाला, चांगल्या माणसाचं पोट फाडून बघण्यात अर्थ नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात ती पुन्हा आली, पण या वेळी मॅनेजरकडं न जाता सरळ त्याच्याकडं. जेवणाची सुट्टी होती. डबा खाणाऱ्या चार जणांतून तिनं त्याला बाजूला बोलावलं आणि रोलरपाशी नेलं. त्याचाच स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, तो धरायचा कसा ते त्यालाच विचारलं आणि कानाला लावला. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग तिनं तो त्याच्या हातात दिला आणि कानाजवळ तोंड आणून म्हणाली, "काका, मला खडी घोळवल्यासारखं ऐकू येतंय. मला यातलं कळत नाही. तुम्हीच सांगा हे काय आहे ते."

कानसेननं मूठ कानाला लावली. खाली दबलेली, ओळखीची घरघर होती. त्या घरघरीवर दुसरा कुठलाही आवाज नव्हता. त्यानं दुसरा कान लावला. मग जागा बदलली. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तो नुसत्या वाफेचा नव्हता. वाफेच्या झडपा सांभाळणारा म्हातारा ऑपरेटर शेजारून चालला होता. कानसेननं त्याला हाक मारून स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं गंमत म्हणून कानाला लावला आणि लगेच काढला.

"हे तर किती दिवस ओरडतंय. आम्ही म्हटलं, कानसेन बघून गेलाय, म्हणजे असेल काहीतरी किरकोळ."

डबीवालीनं नजर दुसरीकडं वळवली. तिला काय समजलं होतं आणि कधीपासून, हे कानसेननं तिला नंतरही कधी विचारलं नाही.

त्याला गप्प बसता आलं असतं. आता थोडं बिघडलेलं वाटतंय, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. डबीवाली काही बोलली नसती, म्हाताऱ्याला तर त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. तो जिना चढून मॅनेजरच्या खोलीत गेला. मॅनेजर फोनवर होता. कानसेन उभा राहिला आणि फोन संपल्यावर म्हणाला, "साहेब, यंत्र थांबवा. तिसऱ्या रोलरचं बेअरिंग गेलंय. त्या मुलीचं बरोबर होतं. मला ऐकू येत नाही."

मॅनेजरला वाटलं, ऐकू येत नाही म्हणजे खालच्या गोंगाटात ऐकू आलं नाही. कानसेनला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं.

यंत्र थांबलं. बेअरिंग उघडलं तेव्हा आतल्या गोळ्या धरून ठेवणारी कडी तडकलेली होती आणि कडेला पोलादाचे टवके उडाले होते. आणखी थोडे दिवस चाललं असतं तर रोलर फिरता फिरता जागीच जाम झाला असता, आणि त्या रोलरशेजारी कागदाचं टोक पकडायला दर पाळीला दोन माणसं उभी राहतात. ती दोन्ही माणसं बेअरिंग बघायला आली. त्यांतल्या एकानं टवका हातात घेऊन पाहिला, खाली ठेवला आणि कानसेनच्या पाठीवर थाप मारली. कुणीच त्याला टोचून बोललं नाही.

त्याला तेच सोसलं नाही. कुणी टोमणा मारला असता तर त्यानं परत मारला असता आणि हिशेब मिटला असता. पण दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्याशी जपून वागू लागले. समोर येऊन, तोंड नीट दिसेल असं उभं राहून, एकेक शब्द सुटा करून बोलू लागले. आणि त्याला कानसेन म्हणायचं सगळ्यांनी सोडून दिलं. कुणी काका म्हणालं, कुणी साहेब. ठरवून केलं नसेल, मनाचा मोठेपणाच तो, पण बावीस वर्षं अंगावर असलेलं नाव एका रात्रीत उतरलं.

सुट्टी काढून तो कान तपासायला गेला. तिथल्या एका बंद काचेच्या खोलीत बसवून, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. त्याला वाटलं, सुरुवातच झाली नाही, तेवढ्यात तपासणारी बाई दार उघडून म्हणाली की झालं. तिनं कागदावर काढलेली रेघ दाखवली. रेघ समजावून सांगायची गरज नव्हती. जाड आवाजांपाशी ती बरी होती, बारीक आवाजांकडं जाताना कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती. बाईनं सांगितलं की कारखान्याच्या आवाजानं असंच होतं. यंत्राची घरघर ऐकू येत राहते, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. जातात ते बारीक आवाज: पाखरं, फोनची घंटा, बायकामुलांचं बोलणं.

"कधीपासून असेल हे?" त्यानं विचारलं.

"सांगता येत नाही. पण एवढं खाली यायला दहा-बारा वर्षं तरी लागतात."

बसमध्ये त्याच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. दहा-बारा वर्षं म्हणजे बायको होती तेव्हाची. ती किरकिरी झालीय असं तो तेव्हा सगळ्यांना सांगे. साधं मीठ हवंय का विचारायचं तरी वसकन अंगावर यायची. मग हळूहळू ती निवळली, गप्प झाली. आपल्या घरात भांडण म्हणून होत नाही, असं तो मित्रांना अभिमानानं सांगत असे. जेवताना ती ताटाकडं बघत जेवायची आणि तो बातम्या बघत.

कानाची यंत्रं आठवड्यानं मिळाली. वालाच्या दाण्याएवढी, कानामागं लपणारी, फोनला जोडलेली. फोन आला की थेट कानात बोलणं येणार, आणि कुठला आवाज किती वाढवायचा ते फोनवरून ठरवता येणार. ती लावून तो घरी आला. किल्ली कुलपात फिरली तेव्हा तिचा किर्र आवाज झाला आणि तो दचकला. आत फ्रिज गुणगुणत होता. त्याच्या स्वतःच्या चपला फरशीवर सटक सटक वाजत होत्या. नळाचा एक थेंब भांड्यात पडत होता. त्यानं नळ घट्ट बंद केला. मग खुर्चीत बसला आणि घर ऐकू लागला. थोड्या वेळात ऐकण्यासारखं सगळं संपलं. घरात बोलणारं कुणी नव्हतं.

त्यानं मुलीला फोन लावला. तिचा आवाज इतक्या जवळून आला की त्यानं मान वळवून पाहिलं. तो त्याच्या आठवणीतला आवाज नव्हता. हा थोडा घोगरा होता, दमलेल्या बाईचा. त्याच्या मनात ती अजून कॉलेजात जाणारी होती.

यंत्रं कशी आहेत, बोचतात का, वगैरे बोलणं झालं. मग त्यानं विचारलं, "तुझी आई शेवटी शेवटी माझ्यावर चिडलेली असायची का गं?"

"चिडायची नाही, बाबा. तुम्हाला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलायची. मोठ्यानं बोललं की माणूस चिडल्यासारखाच वाटतो."

"मग मला सांगितलं का नाही तिनं?"

"सांगितलं होतं की. कितीदा तरी. तुम्ही..." ती पुढं बोलली नाही. ते वाक्य कसं संपतं ते दोघांनाही कळलं होतं, आणि दुसरा कुठला प्रसंग असता तर दोघं हसलेही असते. "मग तिनं सोडून दिलं," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "दमायची ती. मला फोन करायची संध्याकाळी, तुम्ही बातम्या बघत असताना. त्याच खोलीत बसून करायची. तुम्हाला काही ऐकू जायचं नाही."

"काय बोलायची?"

"काही नाही हो. साधंच. आज काय भाजी केली, गुडघा कसा आहे. तेच सगळं, जे घरात बोलतात."

त्यानं बरं म्हटलं. एवढं सगळं त्याला पहिल्यांदाच एका दमात, कुठलाही शब्द न गाळता ऐकू आलं होतं.

कारखान्यात पुढं मॅनेजरनं त्याला वरच्या काचेच्या खोलीत बसायला सांगितलं. बढती म्हणाले, पण त्याला ते अडगळीत टाकल्यासारखंच वाटलं. सुरुवातीला तो नुसता बसून राही. मग पडद्यावरच्या रेघा बघता बघता एकेक विचारू लागला, आणि डबीवाली न कंटाळता सांगू लागली. रेघ का चढली ते तिला दिसे, चढल्यावर यंत्राचं नेमकं काय करायचं ते त्याला माहीत होतं, आणि दोघांचं बरं जमलं. रोलरच्या शेडमध्ये तो आता कानाची यंत्रं काढून, खुंटीवरची झाकणं घालून जाई. उरलेत तेवढे कान राखायचे होते. नव्या डब्या कुठं लावाव्यात हे तोच ठरवायला लागला, आणि दुसऱ्या कारखान्यातून कुणी बघायला आलं तर त्यांना तो म्हणे की लावून घ्या, माणसाचा कान आपण गेलोय असं सांगत नाही. लोक हसत. तो हसत नसे. काम चांगलं होतं. फक्त खाली त्याच्यावाचून काही अडत नव्हतं, आणि काम सुटल्यावर डबीवाली पर्स उचलून घरी जाई, तिला घरी माणसं होती.

इमारतीतही त्यानं थोडं करून पाहिलं. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाईला स्वतःहून विचारलं की कशा आहात. ती एकदम थांबली. ती म्हणाली की आम्हाला वाटायचं, तुम्हाला कुणी बोललेलं आवडत नाही, कितीदा विचारलं तरी पुढं निघून जायचात. त्यानं कानामागचं यंत्र दाखवलं. तिला वाईट वाटलं. चहाला या म्हणाली, तोही येतो म्हणाला. दोघं भेटले की बोलत, पण चहा राहूनच गेला. इतक्या वर्षांची सवय अशी एका जिन्यात मोडत नाही.

मुलीचा फोन मात्र आता रोज संध्याकाळी येऊ लागला, तिच्या स्वयंपाकाच्या वेळी. पहिले काही दिवस बोलायला विषय होते. मग ते संपले. आज काय केलंस, तुम्ही काय खाल्लं, एवढं झालं की दोघंही गप्प होत आणि ती म्हणे, ठेवू का मग.

एकदा तिनं असं विचारल्यावर तो म्हणाला, "ठेवू नकोस. तुझं काम कर तू. फोन चालू राहू दे नुसता. तुला चालेल ना?"

"बाबा, मी काही बोलणार नाही हं. खूप काम पडलंय."

"नको बोलूस."

तिनं फोन ओट्यावर कुठंतरी टेकवून ठेवला असावा. कानसेन स्वतःचं ताट घेऊन टेबलाशी बसला. त्याच्या कानात तिचं घर सुरू झालं. नळ वाहिला, थांबला. सुरी पाटावर भराभर चालू लागली. कुणाला तरी एकच मोजा सापडत होता आणि दुसरा तिनं कुठं ठेवला म्हणून दुसऱ्या खोलीतून विचारणा झाली. मला विचारून हरवतोस का, असं ती म्हणाली, अगदी मोकळ्या आवाजात, बाप ऐकतोय हे विसरून. झाकण पडलं. ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली, आणि ते पुटपुटणंसुद्धा त्याला कळलं: हळद विसरली होती. तो सावकाश जेवत होता. पाणी पिताना त्यानं पेला आवाज न करता ठेवला.

तिकडं ताटं मांडली गेली, खुर्च्या सरकल्या, बोलणी दूर गेली. ओट्यावरचा फोन ती विसरली होती. तिच्या रिकाम्या स्वयंपाकघरात कसलं तरी भांडं निवताना बारीक टकटक करत होतं. आतून हसण्याचा आवाज आला, पण काय झालं ते इथवर पोचलं नाही.

कानसेनचं जेवण झालं होतं. त्यानं हात धुतले नाहीत, खुर्ची हलवली नाही. फोन त्यानं ठेवला नाही.